निरोपाची खुंटी

लोक मला अजून विचारतात, तुम्ही इतके शांत कसे हो राहता? पेन्शनीतला माणूस. सकाळी ठरल्या वेळी उठतो, टोपी जागेवर, काठी जागेवर, चष्मा जागेवर. कशाची घाई नाही, कुणावर आवाज चढवत नाही, काही विसरत नाही. परवा पुतण्याची सून चहाचा कप पुढे ठेवताना म्हणाली, "आप्पा, आम्हालाही शिकवा ना तुमची टापटीप. आमचा नुसता गोंधळ उडतो दिवसभर." मी हसलो आणि विषय बदलला. काय शिकवू? डोंबल? ज्या टापटिपीचं तिला एवढं कौतुक आहे, तिच्यापायी माझ्या बायकोचा डावा डोळा गेला. हे घरात फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. ती त्याबद्दल आयुष्यात एकदाच बोलली, तेही एका वाक्यात. मी तर तेवढंही बोललो नाही. म्हणून आता लिहून टाकतो, म्हणजे निदान कुणी शिकवा म्हणणार नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, माझ्या तिशीच्या आगेमागे घडलेली. जालन्याला कचेरीच्या दफ्तरखान्यात मी कारकून होतो. आमचं घराणं आष्टीकडलं, शेतीवाडीचं. सगळ्या भावांत उर्दू लिहिता-वाचता येणारा मी एकटा, म्हणून नांगर सुटला आणि कलम हातात आलं. त्याचा मला भारी माज होता. दफ्तरखाना म्हणजे भिंतभर फळ्या आणि त्या फळ्यांवर लाल कापडात बांधून ठेवलेले कागदांचे बस्ते. प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी, कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, कशाबद्दलचा. साहेबांनी एखादा कागद मागितला की मी उठायचो आणि हात घालायचो तो थेट त्याच बस्त्याला. बाकीचे कारकून बघत राहायचे. तिथं कुणी ओरडत नाही, रडत नाही, मागे मागे येत नाही. कागद आपला गपचूप पडून असतो, आपल्याला गरज पडेल तेव्हा आपण त्याच्याकडे जायचं. मला ते फार आवडायचं. जग असंच असावं असं वाटायचं.

घर मात्र तसं नव्हतं. मस्तगडात दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, त्यात मी आणि बायको. मूलबाळ अजून झालेलं नव्हतं. बायको शहागडची, गोदावरीच्या काठची. नदीकाठच्या माणसांना मोठ्यानं बोलायची सवय असते, हाक पलीकडच्या काठाला पोचावी लागते ना. हिचा आवाज तसाच होता, खणखणीत. मी दारात पाय टाकला की सुरू. "अवं, घासलेट संपलंय. तुमचे भाऊ आल्ते, बसले न्हाईत, जल्दी जल्दी गेले. शेजारच्या बाईकडं बारसं हाये उद्या. आन् ती मांजर आज कुठं शिरली माहीत हाये का?" मला मांजर कुठं शिरली ते माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. दिवसभर बस्त्यांच्या शांततेतून आलेलं डोकं असं तडतडायला लागायचं की मी वसकन अंगावर जायचो. मग ती तोंड फिरवायची, मग मी ताटावरून उठायचो. असं आठवड्यातून चारदा.

एका शुक्रवारी मी यावर तोड काढली. आमच्याकडे सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे. सुताराकडून सागवानी खुंट्या करून आणल्या, सात. दाराच्या आतल्या बाजूला ओळीनं ठोकल्या. पहिली टोपीची, दुसरी शेरवानीची, तिसरी किल्लीची, चौथी छत्रीची, पाचवी पिशवीची, सहावीवर उद्या घालायचे कपडे आजच टांगून ठेवायचे. सकाळी उठून शोधाशोध नाही, विचार नाही, हात जाईल तिथं वस्तू. सातवी खुंटी मात्र जरा खाली ठोकली, बायकोच्या हाताला येईल अशी. तिला म्हटलं, "ही निरोपाची. आजपासून मला तोंडानं काही सांगायचं नाही. जे सांगायचं असेल त्याची खूण हिला टांगायची. रोजचं मी येता-जाता बघीन, बाकीचं शुक्रवारी."

ती हसली. "अवं, मी काय मुकी हाये का?"

"मुकी नाहीस म्हणूनच," मी म्हटलं. त्या वेळी मला ते मोठं चतुर उत्तर वाटलं होतं.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. दोन आठवड्यांत तिनं त्या खुंटीला बोलकं केलं. घासलेट संपलं की रिकामी बाटली. काडेपेटी संपली की तिचं खोकं दोऱ्यात ओवून. कुणाकडचं बोलावणं असलं की फडक्यात बांधलेली सुपारी. विहिरीचा दोर झिजला तर त्याचाच एक सुटलेला पेड. माझा थोरला भाऊ येऊन गेला की बाभळीची एक काडी, कारण तो आमच्या ओट्यावर बसून तासभर दात कोरायचा. ती काडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खो खो हसलो होतो. ती चुलीपाशी बसून माझं हसणं ऐकत होती, आणि तीही हसली. एवढं एक चांगलं आठवतं, म्हणून लिहितो.

मग मला चटकच लागली. आठवड्याच्या भाज्या ठरवून टाकल्या, सोमवारी वरण, मंगळवारी पिठलं, बुधवारी वांगं, म्हणजे 'आज काय करू' हा प्रश्न मिटला. रोज सकाळी एकच काम मनात घ्यायचं आणि तेवढं करून मोकळं व्हायचं. कुणी काही विचारलं तर आधी घोटभर पाणी प्यायचं आणि मग उत्तर द्यायचं, अर्धे प्रश्न तेवढ्यात विरून जातात. घर कसं गार पडलं. मी आलो की ती फक्त मान वर करून बघायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. मी खुंटीकडं बघायचो, बाटली असली तर बाटली घेऊन जायचो, नसली तर जेवायला बसायचो. कचेरीत पेशकार होते, साहेबांपुढे कागद मांडणारे, वयानं मोठे, दाढी पांढरी. त्यांना मी हे सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "क्यों मियाँ, घर में भी दफ्तर खोल दिये क्या?" मला वाटलं, तारीफ करताहेत. आठ दिवस त्या तारिफेवर फुगून फिरलो.

माणसाला शांत राहणं काही अवघड नसतं. घरातलं दुसरं माणूस गप्प बसवलं की झालं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कळत होतं, थोडं थोडं. सोयीचं होतं म्हणून मी ते पुरतं कळून घेतलं नाही.

खुंट्या ठोकून वर्ष होऊन गेलं असेल. एका संध्याकाळी मी घरी आलो, शेरवानीची बटणं काढत होतो, आणि ती नेम मोडून बोलली. कपाळाला फडकं बांधलेलं होतं. म्हणाली, "अवं, ऐका ना. डोसकं लई ठणकून राह्यलं दोन दिसांपासून. डाव्या अंगाला. आन् कंदिलाभवती रंगाचं कडं दिसतंय, तांबडं, हिरवं..."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तळहात वर केला, कचेरीत शिपायाला थांबवावं तसा. "खुंटीला लाव," म्हटलं.

तिनं कपाळावरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाली, "हे कसं लावू खुंटीला?"

तो आवाज माझ्या कानातून आजतागायत गेलेला नाही. त्यात चिडणं नव्हतं, टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. शेरवानी मी दुसऱ्या खुंटीला नीट टांगली, खांद्यावरची सुरकुती झटकली आणि म्हटलं, "लाव काहीतरी. तुला बरोबर सुचतं."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर सातव्या खुंटीला एक चिंधी होती. चिंधीत सुई टोचलेली आणि सुईशेजारी काळ्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता, न ओवलेला. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. आदल्या दिवशीचं काही मनात आलंच नाही, वाटलं, हिला नुसती सुई ओवून हवी आहे. दारात उजेडाकडं धरून दोरा ओवला, गाठ मारली, चिंधी परत टांगली. सगळ्याला मिळून पाव मिनिट लागलं असेल. हात धुतले आणि पाटावर बसलो. ती ताट वाढताना माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "ओवून ठेवलीय." ती म्हणाली, "बरं."

चार दिवसांनी पुन्हा सुई, पुन्हा दोरा. मी पुन्हा ओवला. मग दर आठवड्याला एकदा तरी. मला त्याचं काहीच वाटेना, उलट मला ती खूण फार आवडायला लागली. बाटलीला बाजारात जावं लागतं, सुपारीला कुणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागतं. सुईचं काम उभ्या उभ्या होतं. तिनं त्या महिन्या-दोन महिन्यांत मला काय काय सांगून पाहिलं होतं, आणि मी दर खेपेला दोरा ओवत होतो, गाढवासारखा.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. वरणात खडे यायला लागले. पहिल्यांदा मी काढून ताटाच्या कडेला ठेवला. दुसऱ्यांदा दाढ चांगलीच ठणकली. तेव्हा मी काय करावं? तोंडानं बोललो असतो तर माझाच नेम मोडला असता. म्हणून तो खडा धुतला, चिंधीत बांधला आणि सातव्या खुंटीला टांगला. माझ्याकडून तिला निरोप. मला ते इतकं न्यायाचं वाटलं म्हणून सांगू! बघ, मी पण नेम पाळतो. तिनं ती पुरचुंडी सोडली, खडा हातात घेऊन बोटानं चाचपला आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती डाळ परातीत पसरून दारात बसायची आणि बोटांनी एकेक दाणा चाचपायची. तास तास. येता-जाता मला ते दिसायचं. मला वाटलं, चला, सुधारली.

एकदा छत्री चौथ्या खुंटीऐवजी किल्लीच्या खुंटीला टांगलेली होती. छत्रीनं किल्ली झाकली गेली आणि सकाळी मला ती सापडेना. माझं डोकंच फिरलं. शांत माणूस ना मी! ओरडलो, "आंधळी झालीस का गं?"

ती भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, "न्हाई अजून."

मी छत्री उचलून जागेवर लावली आणि कचेरीला गेलो. तिचे ते दोन शब्द मला रस्त्यात आठवले, खोटं कशाला बोलू. मस्तगडाच्या उतारावर एक क्षण पाय थबकला. पण त्या दिवशी मनात घेतलेलं काम दुसरं होतं, साहेबांनी मागितलेला एक जुना बस्ता काढायचा होता. एका दिवसाला एकच काम. मी पुढं चालायला लागलो.

हे सगळं बाहेर आलं ते माझ्याच फुशारकीमुळे. दुपारी कचेरीत चहा चालला होता, बायकांच्या कटकटीच्या गोष्टी निघाल्या होत्या. मी म्हटलं, आमच्याकडं तसलं काही नाही. सुईत दोरा ओवून हवा असला तरी आमची मंडळी तोंडानं सांगत नाहीत, खुंटीला लावतात, आठवड्याला एकदा तरी. सगळे हसले. पेशकार हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कित्ते साल की हैं तुम्हारी घरवाली?"

मी म्हटलं, "असेल सव्वीस-सत्तावीस."

"और सुई में धागा नईं डाल सकतीं?"

मी कपातला चहा ढवळत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाकीच्यांनी विषय बदलला, आणि मी तिथं बसून राहिलो. माझे कान तापले होते. एका परक्या माणसाला, ज्यानं माझ्या बायकोचं तोंडही पाहिलेलं नाही, त्याला एका घोटात जे कळलं ते मला तिच्याच हातचं रोज जेवून कळलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते सगळ्यांत वाईट. तो दिवस सोमवार होता. मी त्याच दिवशी घरी धावत जायला हवं होतं. मी गेलो नाही. संध्याकाळी नेहमीसारखा गेलो, वरण खाल्लं, तिच्याकडं चोरून बघितलं. तांब्या खाली ठेवताना ती आधी हातानं जमीन शोधत होती. मी ते पाहिलं. आणि मनात म्हटलं, शुक्रवारी सुट्टी आहे, शुक्रवारी दवाखान्यात नेऊ, रजा कशाला टाकायची. मंगळ, बुध, गुरु, तीन दिवस मी हे मनात ठेवून कचेरीत जाऊन येत होतो. डोळा त्या तीन दिवसांत गेला असं नाही, नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसं काही म्हटलं नाही. पण मी ते तीन दिवस घालवले. आणि ते शांतपणे घालवले.

शुक्रवारी तिला म्हटलं, "चल, डोळे दाखवून येऊ." ती माझ्याकडं बघत राहिली, डोकं जरा डावीकडं वळवून, तशी तिला बघायची सवयच लागली होती. मग नवं लुगडं नेसून आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काय होतंय?" आणि ती बोलायला लागली. अरे देवा, काय बोलली! वर्षभराचं साठलेलं. डोकं कधीपासून ठणकतं, कडं कधीपासून दिसतं, आधी सकाळी बरं वाटायचं ते आता वाटत नाही, भाकरी करपल्याचं वासानंच कळतं, डावीकडनं कुणी आलं तर दचकायला होतं, एकदा विहिरीवर पाय कसा घसरला आणि शेजारच्या बाईनं पदराला धरून कसं मागं ओढलं. डॉक्टरीणबाई कान लावून ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या, "मग?" ती सांगत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. यातलं बहुतेक सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो, डॉक्टरीणबाईंच्या बरोबरीनं. मला तर विहिरीचं पण माहीत नव्हतं.

मग बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला, समोर हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?"

ती म्हणाली, "कुठं हायेत बोटं?"

काचबिंदू म्हणाल्या त्या. डोळ्यात पाणी तुंबून राहतं आणि आतली शीर मरते, मेली की परत जिवंत होत नाही. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजवाही रोगानं धरलेला होता, पण हैदराबादला नेऊन शस्त्रक्रिया केली तर वाचेल म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "इतके दिवस काय करत होतात? आधी का नाही आणलंत?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "मलाच कळलं न्हाई बाई. अडाणी माणूस मी. यांचा काय दोष न्हाई."

आणि मी तोंड मिटलं. तिनं पुढं केलेलं खोटं मी गुपचूप उचललं आणि खिशात घातलं. बाई तिलाच रागावल्या, "असं अंगावर काढतात का?" ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिथं उभा राहून बायकोला माझ्यासाठी बोलणी खाऊ दिली. खुंटीचं मी तिथं सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. आजही कुणी 'शांत' हा शब्द माझ्याबद्दल वापरला की मला ती खोली दिसते.

हैदराबादला पेशकारांच्या ओळखीनं सोय झाली. उजवा डोळा वाचला. सगळा नाही, पण चुलीपुरता, रस्त्यापुरता वाचला. दीड महिन्यानं आम्ही जालन्याला परत आलो. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हटलं, "आता खुंटी-बिंटी काही नाही. जे असेल ते तोंडानं सांगत जा. रोज सांगत जा."

ती म्हणाली, "बरं."

पण सांगेना. मी कचेरीतून येऊन मुद्दाम विचारायचो, "काय गं, आज काय झालं?" ती म्हणायची, "काई न्हाई. समदं बराबर हाये." शेजारी काय चाललंय? "काई न्हाई." मांजर आल्ती का? "आल्ती." बस, संपलं. घासलेट संपलेलं मला कंदील विझल्यावर कळायचं. मी लाडीगोडी लावली, चिडलो, एकदा तर रडकुंडीला आलो. ती माझ्यावर रुसलेली नव्हती, वाढायची, हसायची, माझ्या आजारपणात पाय चेपायची. पण तिचं ते भराभरा बोलणं गेलं ते गेलंच. इतकं शांत घर मी पूर्वी देवाकडं मागितलं असतं. आता त्यात बसवत नसे. मुद्दाम शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, तिथं निदान कुणीतरी भांडत असे.

एकदा सांडशी घेऊन ती सातवी खुंटी उपटायला गेलो. आवाज ऐकून ती बाहेर आली. "राहू द्या," म्हणाली. "हाताला लागते ती. तिच्यावरनं मला दार उमगतं." मी सांडशी परत जागेवर ठेवली. खुंटी राहिली. तिच्यावर कुणीच काही टांगत नव्हतं.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो, दार लोटलं, आणि समोर सातव्या खुंटीला चिंधी. चिंधीत सुई, शेजारी काळा दोरा. न ओवलेला.

छत्री कुठं टाकली, टोपी कुठं पडली, मला काही आठवत नाही. मी तसाच बुटांसकट आत धावलो, थेट चुलीपर्यंत. "काय झालं? उजवा डोळा का? कधीपासून? दुखतंय का? बोल ना!" मी तिचे दोन्ही खांदे धरले होते. मी रडत होतो, हे मला नंतर कळलं.

ती दचकून मागं सरकली. "अवं, बुटं घालून कुठं आलात चुलीपाशी!" मग माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, डोकं जरा डावीकडं वळवून. "डोळा हाये तसाच हाये. तुमच्या शेरवानीचं वरलं बटण लोंबून राह्यलंय सकाळपासून. ते लावायचं होतं, बस."

मी जाऊन चिंधी आणली, दारातल्या उजेडाला दोरा ओवायला लागलो. मला नेढंच नीट दिसेना, दोरा नेढ्याच्या आजूबाजूनं जात होता, पण आत जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुईचं नेढं जिभेच्या शेंड्याला लावून चाचपलं, आणि डोळे मिटून एका झटक्यात दोरा आरपार काढला. मी बघतच राहिलो.

"तुला येतंय की!" मी म्हटलं. "कधीपासून?"

"दवाखान्यात होते तव्हापासून. शेजारच्या खाटेवरल्या आंधळ्या बाईनं शिकवलं."

"मंग खुंटीला कामून लावलीस?"

तिनं दोऱ्याला गाठ मारली. शेरवानी माझ्या अंगावरच होती, तिनं ती पुढं ओढली आणि बटण धरलं. टाका घालता घालता म्हणाली, "या खेपेला तरी इचारता का, ते बघून राह्यले होते."

तेवढंच. पुन्हा कधी त्याबद्दल एक अक्षर नाही. बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि ती भाकरीकडं वळली. मी बूट काढायला बाहेर गेलो आणि उंबऱ्यावरच बसून राहिलो. दोन वर्षांपूर्वी, त्याच खुंटीपाशी, त्याच सुईला, मला एवढंच करायचं होतं. आत जाऊन 'काय झालं' विचारायचं. त्याला काही कष्ट नव्हते, काही खर्च नव्हता. परीक्षेत मी या खेपेला पास झालो होतो, पण तिला फी एका डोळ्याची पडली होती. मला माझीच इतकी लाज वाटली की आत जायचं धाडस होईना.

मी तसाच बसलो होतो, आणि आतून हाक आली. मोठी, खणखणीत, पलीकडच्या काठाला पोचेल अशी. कितीक वर्षांनी.

"अवं, घासलेट संपलंय! आन् ऐका, ती मांजर आज कुठं शिरली माहीत हाये का?"

"कुठं?" मी ओरडून विचारलं.

तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग बाटली घेऊन निघालो. टोपी घालायची राहिली, ते बाजारात गेल्यावर लक्षात आलं.